कॉलेज बघायला जाताना वेळापत्रक मागा



बारावीचा निकाल लागला की दोन महिने माझा फोन शांत बसत नाही. पलटणीतले जुने जवान, त्यांचे नातेवाईक, इंदूर-बडोद्याकडे स्थायिक झालेले मित्र, सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. "साहेब, घराजवळच्या छोट्या कॉलेजात यंदा नवीन कोर्स सुरू होतोय. पोरीला तिथे घालू की शहरात पाठवू?" कोर्सचे नाव दरवर्षी बदलते. कधी डेटा सायन्स, कधी रिटेल मॅनेजमेंट, कधी सायबर सुरक्षा. या प्रश्नाचे उत्तर कसे शोधायचे, ते आजच्या भागात सांगतो. कॉलेज तुम्हीच निवडायचे आहे. मी फक्त बघायचे काय आणि विचारायचे काय, एवढेच सांगणार.

मी कुठून बोलतो ते आधी कळू द्या. मी बेळगावचा. अशाच एका छोट्या कॉलेजातून पदवी घेतली, सीडीएसची परीक्षा दिली आणि मराठा लाइट इन्फंट्रीत अधिकारी झालो. निवृत्तीनंतर परत बेळगावला आलो. इथून चंदगड तालुका जवळच आहे. बसमध्ये बसले की थोड्या वेळात राज्य बदलते. सीमेपलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला, साधारण चारशे विद्यार्थ्यांचे एक कॉलेज आहे. गेली काही वर्षे मी त्यांच्या सल्लागार समितीवर आहे आणि एनसीसीच्या मुलामुलींची एसएसबीची तयारी करून घेतो. आमच्या भागातल्या घरांना दोन राज्यांतली कॉलेजे सारखीच जवळ पडतात, त्यामुळे दोन्हीकडचे नियम आम्हाला रोज समजून घ्यावे लागतात.

छोटी कॉलेजे नवे कोर्स का काढतात?

देशात ४५ हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत आणि त्यांतली बहुतेक छोटी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र दिशा उलटी दाखवली. उच्च शिक्षणाच्या संस्था मोठ्या, अनेक विद्याशाखांच्या असाव्यात आणि प्रत्येकीत ३,००० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असावेत, असे त्या धोरणाचे उद्दिष्ट आहे. चारशे मुलांच्या कॉलेजचे प्राचार्य हा आकडा वाचतात तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल, ते तुम्हीच ओळखा. त्यात बारावीनंतर मुले शहराकडे निघतात, बी.ए.च्या जागा रिकाम्या राहतात. मग संस्था विचार करते की काहीतरी नवीन सुरू करू, म्हणजे मुले इथेच थांबतील.

हा विचार चुकीचा नाही. असे कॉलेज बंद पडले तर त्याचा फटका शहरात खोली घेऊन राहू शकणाऱ्या मुलाला बसत नाही. तो बसतो सकाळी म्हशीचे दूध काढून, डबा घेऊन, सातची एसटी पकडणाऱ्या मुलीला. तिच्यासाठी "गावाजवळचे कॉलेज की शहर" असा प्रश्नच नसतो. तिच्या घरी प्रश्न असतो तो गावाजवळचे कॉलेज की शिक्षण बंद, असा. म्हणून छोट्या कॉलेजने नवा कोर्स काढला की मी नाक मुरडत नाही. पण तो कोर्स खरोखर चालणार आहे का, हे तपासल्याशिवाय कुणाला तिथे जा असेही सांगत नाही. तिसऱ्या सत्रात कोर्स गुंडाळला गेला, तर त्या मुलीला दुसरी संधी बहुधा मिळत नाही.

क्रेडिट म्हणजे तास

तपासायचे तर आधी क्रेडिट हा शब्द समजून घेऊ. माहितीपत्रकात तो पानोपानी असतो आणि पालक तो वगळून पुढे जातात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आराखडा जाहीर केला. त्याचा हिशेब साधा आहे. वर्गातल्या शिकवणीचे १५ तास झाले की एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर एका क्रेडिटला ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०. म्हणजे एका सत्रात साधारण २० क्रेडिट. सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर आठवड्याला कमीत कमी वीस तास शिकवणी झाली पाहिजे. प्रात्यक्षिके असतील तर त्याहून जास्त.

ही क्रेडिट वेगवेगळ्या खणांत वाटलेली असतात. सर्वांत मोठा खण मुख्य विषयाचा, तीन वर्षांत किमान ६०. मग दुय्यम विषय, म्हणजे मायनर. त्यानंतर इतर विद्याशाखेतले विषय, भाषा, कौशल्याचे विषय, मूल्यशिक्षणाचे विषय आणि इंटर्नशिप. तुमच्या मुलाला मुख्य विषय इतिहास आणि मायनर संगणक घेता येतो का, हे आता विचारण्यासारखे आहे. आमच्या काळी असे विचारले असते तर कारकुनाने खिडकी बंद केली असती.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे मध्येच थांबण्याची सोय. पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट पूर्ण केली आणि उन्हाळ्यात चार क्रेडिटचे व्यावसायिक काम केले, तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येते. दोन वर्षांनी तसाच डिप्लोमा. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी, असा नियम आहे. कमावलेली क्रेडिट अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात. खाते डिजिलॉकरमधून उघडता येते. एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर मोठी नोकरी मिळेल, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. त्या कागदाची खरी किंमत परत येण्यात आहे. वडिलांचे आजारपण, घरातली अडचण, लग्न, अशा कारणांनी शिक्षण सुटलेल्या किती मुली आपण पाहिल्या आहेत. पूर्वी त्यांचे वर्ष पाण्यात जात असे. आता ते खात्यात राहते. म्हणून प्रवेश घेतल्यावर पहिल्याच महिन्यात हे खाते उघडले का, ते बघा. वर्षाच्या शेवटी क्रेडिट तिथे चढली का, तेही बघा.

तीन वर्षे की चार?

आमच्या सीमाभागात हा गोंधळ सर्वांत जास्त आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये फार लवकर चार वर्षांचा आराखडा स्वीकारला होता. नंतर राज्य सरकारने धोरण बदलले आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. महाराष्ट्रात मात्र त्याच सुमारास संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण लागू झाले. एकाच घरात मोठा भाऊ बेळगावच्या कॉलेजात आणि चुलत बहीण चंदगडकडच्या कॉलेजात असेल, तर दोघांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवून बघा. वेगवेगळ्या देशांतल्या वाटतील. एकीकडे राणी चन्नम्मा विद्यापीठ, दुसरीकडे शिवाजी विद्यापीठ.

पालक घाबरून विचारतात, यात कुणाचे वर्ष जाणार? बेरीज करून बघा. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एम.ए., एकूण पाच. चार वर्षांची ऑनर्स आणि एक वर्षाचे एम.ए., तरीही पाच. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याला वेळेचा फारसा फरक पडत नाही. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायची असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि कॉलेजात मार्गदर्शन करणारा पात्र प्राध्यापक लागतो. छोट्या कॉलेजात चौथे वर्ष आहे का आणि नसेल तर मुले पुढे कुठे जातात, हे आधीच विचारून ठेवा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी धावाधाव नको.

हजेरीपट शिक्षकांचा

आता मुद्द्याची गोष्ट. पलटणीत सकाळी परेड स्टेट येते. मंजूर संख्या किती, प्रत्यक्षात नेमलेले किती, आज मैदानावर उभे किती. कागदावर शंभर असून मैदानावर साठ असतील, तर तुम्ही साठ माणसांचीच योजना करता. कॉलेजच्या नव्या कोर्सला मी हाच हिशेब लावतो.

समजा तीन वर्षांचा बी.सी.ए. सुरू होणार आहे. आठवड्याला एका वर्गाचे वीस तास धरले, तर तिन्ही वर्षे भरल्यावर साठ तास झाले. प्रात्यक्षिकांमुळे प्रत्यक्षात जास्तच. आयोगाच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. साठ भागिले सोळा, म्हणजे चार माणसे लागलीच. भाषा आणि इतर विषय दुसऱ्या विभागांनी उचलले, तरी संगणक शिकलेली दोन-तीन माणसे पूर्णवेळ हवीत. प्राचार्यांना नम्रपणे विचारा, "सर, या कोर्सला शिकवायला कोण कोण आहे?" नावे आणि पात्रता लगेच सांगितली, तर तुमचे अर्धे काम झाले. "भरती चालू आहे" असे उत्तर आले, तर ते वहीत लिहून घ्या आणि पंधरा दिवसांनी परत विचारा.

शिक्षक कायम आहेत की तासांवर, हेही विचारा. महाराष्ट्रात त्यांना तासिका तत्त्वावरचे म्हणतात, मध्य प्रदेशात अतिथी विद्वान, कर्नाटकात अतिथी उपन्यासक. नाव कोणतेही असो, त्यांची नेमणूक बहुधा वर्षापुरती किंवा सत्रापुरती असते. त्यांच्यात मी अतिशय तळमळीने शिकवणारे लोक पाहिले आहेत. पण ज्या माणसाला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो तीन वर्षांचा कोर्स कसा उभारणार? नवे कोर्स बहुधा विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित असतात. म्हणजे शिक्षकांचा पगार मुलांच्या फीमधूनच निघतो. पन्नास जागांपैकी बाराच भरल्या, तर कोर्सचे काय होईल? हा प्रश्न उद्धट नाही. चांगल्या संस्थेने त्याचे उत्तर आधीच ठरवलेले असते.

आणि म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की माहितीपत्रक नंतर बघा, आधी वेळापत्रक मागा. चालू वर्षाचे, भिंतीवर लावलेले. त्यात सोमवार ते शनिवार किती तास भरले आहेत, प्रत्येक तासासमोर शिक्षकाचे नाव आहे का, प्रयोगशाळा एकाच वेळी दोन वर्गांना दिलेली नाही ना, हे दहा मिनिटांत कळते. रंगीत पत्रक कुणीही छापून घेतो. वेळापत्रक मात्र कॉलेज रोज जगत असते, ते खोटे करणे फार अवघड.

नाव आणि मान्यता

बी.बी.ए., बी.एम.एस. आणि बी.सी.ए. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या मान्यतेखाली आले. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी त्याच वर्षी वेगळी सीईटी सुरू झाली. त्यानंतर काही महाविद्यालयांनी आपल्या कोर्सची नावे बदलली. पूर्वीचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आता बी.कॉम.च्या नावापुढे कंस टाकून चालतो. यात बेकायदा काही नाही, विद्यापीठाची मंजुरी असली की झाले. पण पालकाला फरक माहीत हवा. पदवीच्या कागदावर नेमके कोणते नाव छापून येणार, एआयसीटीईची मान्यता लागते का आणि लागत असेल तर चालू वर्षाची आहे का, विद्यापीठाच्या संलग्नतेच्या पत्रात हा कोर्स आहे का, या तीन गोष्टी कार्यालयात विचारा. पत्र दाखवा म्हणा. फाइलमध्ये असते ते.

फी भरताना मूळ कागदपत्रे कॉलेजात ठेवून देऊ नका. पडताळणी करून ती परत द्यायची, संस्थेने स्वतःकडे ठेवायची नाहीत, असे आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

आमच्या कॉलेजात काय झाले?

वर सांगितलेल्या कॉलेजात दोन वर्षांपूर्वी तीन प्रस्ताव एकाच बैठकीत आले. बी.सी.ए., डेटा सायन्सची पदवी आणि कौशल्य विकासाचा काहीतरी छोटा विषय. संस्थेच्या अध्यक्षांचा जोर पहिल्या दोनवर होता. त्यांचे म्हणणे, "कर्नलसाहेब, पोरं नाव बघून येतात."

मी शिक्षकांची संख्या विचारली. संगणकाचा एक शिक्षक होता, तोही तासांवर. यंत्रे बावीस, त्यातली चालू चौदा. वीज गेल्यावर चालणारा बॅकअप नव्हता आणि चंदगडच्या पावसात वीज कितीदा जाते, ते तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. प्राचार्यांनी शांतपणे हा हिशेब फळ्यावर मांडला. अध्यक्षांनी तो मान्य केला, याचे श्रेय मी त्यांना देतो. पदवीचे दोन्ही प्रस्ताव मागे ठेवले गेले. त्याऐवजी वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी संगणकाचा मायनर आणि त्याच्या जोडीला काजू प्रक्रियेचा दोन क्रेडिटचा कौशल्य विषय, असे ठरले.

काजूच का? चंदगड-आजरा भागात काजूचे कारखाने आहेत. कॉलेजातल्या कितीतरी मुलींच्या आया तिथे काम करतात. दोन क्रेडिट प्रात्यक्षिकाची, म्हणजे साठ तास. बी वाफवणे, फोडणे, गर वाळवणे, साल काढणे आणि प्रतवारी करणे, हे सगळे मुले प्रत्यक्ष कारखान्यात जाऊन बघतात. बाजारात डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० अशा प्रती असतात. त्या आकड्यांचा अर्थ एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात असा आहे. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. तुकडा झाला की भाव खाली येतो. मग वाणिज्याचे शिक्षक तोच हिशेब वर्गात घेतात. एक क्विंटल बियांतून किती गर निघाला, मजुरी किती गेली, टरफलाचे काय आले, अन्नसुरक्षेचा परवाना कुठून काढायचा, जीएसटीची नोंद कशी ठेवायची. संगणकाच्या तासाला हाच हिशेब स्प्रेडशीटमध्ये भरतात.

एका मुलीने मला सांगितले, "सर, आई पंधरा वर्षं काजू फोडते. त्याचा भाव कसा ठरतो ते मी तिला पहिल्यांदा सांगितलं." या विषयाने तिला मोठा पगार मिळेल असे मी म्हणत नाही. पण हा विषय शिकवायला माणूस होता, जागा होती, तास होते, आणि शिकलेले दुसऱ्या दिवशी घरी वापरता येत होते. चालणारा कोर्स म्हणतात तो याला. तुमच्या भागात काजू नसेल. ग्वाल्हेरकडे दगडाचे काम असेल, सुरतेकडे कापड असेल. कॉलेजने आजूबाजूला बघून विषय निवडला आहे का, एवढेच बघा.

बसच्या वेळा आणि कॅम्पस

कॅम्पस म्हटले की चित्रात हिरवळ, कॅफे आणि गिटार दिसते. छोट्या कॉलेजचा कॅम्पस म्हणजे पत्र्याची सायकल स्टँड, वडा-चहाचे कॅन्टीन, एक मैदान, ग्रंथालयाच्या चार खिडक्या आणि फाटकासमोरचा बसथांबा. या सगळ्यांत मी बसथांब्याला पहिला क्रमांक देतो.

काजूच्या विषयाचे पहिले वेळापत्रक झाले तेव्हा प्रात्यक्षिक दुपारी चारला ठेवले होते. डोंगराकडच्या गावांची शेवटची सोयीची गाडी पावणेपाचला. म्हणजे त्या गावांतल्या मुलींनी विषय घेतलाच नसता, आणि आपण म्हटले असते की मुलींना रस नाही. एका शिपायाने ही गोष्ट लक्षात आणून दिली. प्रात्यक्षिक शनिवारी सकाळी गेले आणि यादीत मुलींची नावे आली. छोट्या कॉलेजचा हाच फायदा आहे. तिथे शिपायालाही ठाऊक असते कुणाची गाडी किती वाजता आहे, आणि त्याचे ऐकले तर चार दिवसांत वेळापत्रक बदलता येते.

सीमाभागात तर तिकीटही कॉलेज ठरवते. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत तिथल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. महाराष्ट्रात एसटीमध्ये महिलांना निम्मे तिकीट आहे. दोन्ही सवलती आपापल्या राज्याच्या हद्दीपुरत्या. त्यामुळे चार किलोमीटर जवळचे कॉलेज सोडून मुलगी बारा किलोमीटरवरच्या कॉलेजात जाते, कारण तिकडे गाडी फुकट असते. कोर्स निवडताना फीबरोबर महिन्याचा प्रवासखर्चही लिहा.

आता एनसीसी आणि एनएसएस. अनेक पालक याला वेळेचा अपव्यय समजतात. एनएसएस १९६९ पासून आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे शिबिर दत्तक गावात होते. एनसीसी तर १९४८ पासूनची. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने विद्यापीठांना एनसीसी हा क्रेडिटचा वैकल्पिक विषय म्हणून देण्याची सूचना केली, सहा सत्रांत मिळून २४ क्रेडिट. तुमच्या विद्यापीठाने तो स्वीकारला आहे का, ते विचारा. शिवाय ज्याला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे, त्याला एनसीसीचे "सी" प्रमाणपत्र किमान बी श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के गुण असतील तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावणे येऊ शकते. मुलींनाही हीच वाट आहे. ही तुकडी कॉलेजात आहे का, तिचा अधिकारी असलेला प्राध्यापक कामठी किंवा ग्वाल्हेरचे प्रशिक्षण घेऊन आला आहे का, आणि मागच्या वर्षी किती मुले "सी" परीक्षेला बसली, हे विचारा.

मुलगी असो की मुलगा, फलकावर दोन गोष्टी लावलेल्या हव्यात. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे, आणि रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक, १८००-१८०-५५२२. फलक धुळीने भरलेला असेल आणि नावे बदली होऊन गेलेल्या माणसांची असतील, तर बाकीची व्यवस्थाही त्याच तब्येतीची असते, असा माझा अनुभव आहे.

जे कॉलेजात नाही ते बाहेरून

छोट्या कॉलेजला सगळे विषय देणे शक्य नाही आणि तशी गरजही राहिलेली नाही. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयम या सरकारी व्यासपीठावरून ऑनलाइन करून त्यांची क्रेडिट घेता येतात. म्हणजे चंदगडच्या मुलीला आयआयटीच्या प्राध्यापकाचा संख्याशास्त्राचा कोर्स करता येईल. पण मोबाइलवर एकट्याने कोर्स पूर्ण करणारी मुले थोडी. कॉलेजने आठवड्यातून दोन तास एक खोली, नेट आणि एक शिक्षक दिला, तर पूर्ण करणारी मुले वाढतात. कॉलेजला विचारा, मागच्या वर्षी किती मुलांनी स्वयमची परीक्षा दिली? आकडा छोटा असला तरी चालेल. तो सांगणारा शिक्षक समोर असला पाहिजे.

काही पदव्या आता अॅप्रेंटिसशिप जोडून दिल्या जातात. त्यात किमान एक सत्र कंपनीत काम आणि विद्यावेतन असते. अशा कोर्सला कंपनीचे नाव आणि लेखी करार मागा. "टाय-अप चालू आहे" हे उत्तर पुरेसे नाही.

तर जायचे कसे?

मित्रहो, कामाच्या दिवशी जा. प्रवेशाच्या उद्घाटनाला नको, साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी साडेदहाला. मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्या, बोलू त्यालाच द्या. आधी भिंतीवरचे वेळापत्रक बघा आणि त्या तासाला ज्या वर्गात शिकवणी लिहिली आहे, त्या वर्गावरून एक फेरी मारा. ग्रंथालयात जाऊन नोंदवही बघा, काल किती पुस्तके गेली. प्रयोगशाळेत किती यंत्रे चालू आहेत ते मोजा. संलग्नतेचे पत्र बघा. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना चहा पाजा आणि विचारा, मागच्या आठवड्यात किती तास झाले. परत निघताना बसथांब्यावर उभे राहून शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारा.

इतके केल्यावर छोटे कॉलेज पसंत पडले, तर निःशंक मनाने प्रवेश घ्या आणि शेजारच्या चार घरांनाही सांगा. कारण अशी कॉलेजे दहा-वीस प्रवेशांवर तगतात. पसंत पडले नाही, तर काय कमी पडले ते प्राचार्यांना तोंडावर, पण आदराने सांगून या. आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर पालकांनी विचारलेल्या प्रश्नांची एक वही आहे. पुढच्या वर्षीचा संगणकाचा पूर्णवेळ शिक्षक त्या वहीतल्या प्रश्नांमुळेच मंजूर झाला.

पुढच्या भागात सीडीएस आणि एनसीसी प्रवेशाच्या तयारीबद्दल बोलू. जय हिंद.